टप उघडणारी महागडी गाडी घेताय? कोणते ऑप्शन घ्यावेत, कोणते सोडावेत: कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिरोली-गोकुळ शिरगावचे कारखानदार, राजारामपुरीतले डॉक्टर, गुजरीतले सराफ, इचलकरंजीचे यंत्रमागवाले, सगळ्यांकडून फिरून फिरून हेच प्रश्न येतात. एकाच प्रश्नाचं उत्तर दोनदा नको म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिलाय. मतं रोखठोक आहेत. पटली नाहीत तर सोडून द्या, पैसे तुमचे आहेत.

१. मुळात कोल्हापुरात ओपन गाडी चालते का हो? चार महिने पाऊस, दोन महिने ऊन, उरलं काय?

उरतं ते पुष्कळ आहे. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत सकाळ-संध्याकाळ टप उघडून फिरण्यासारखी हवा असते. पन्हाळा जेमतेम वीस किलोमीटर, जोतिबा त्याच्या शेजारी, राधानगरीचा रस्ता, आंबा घाट. गाडी घ्यायला कारण लागत असेल तर एवढं बास झालं.

अडचण वेगळीच आहे. गाडी घेतल्यावर बहुतेकांचा टप उघडतच नाही. वारा लागतो, मान आखडते, सीट तापलेली असते, धूळ येते, मग एसी लावून टप बंद. म्हणून खाली प्रत्येक ऑप्शनला मी एकच गोष्ट विचारतो: याने टप जास्त दिवस उघडा राहणार आहे का? आणि हे नंतर बसवता येत नाही ना? दोन्ही उत्तरं ‘हो’ असतील तर पैसे घाला.

२. भारतात नवी कोणती मिळते, आणि ऑप्शन निवडायची मुभा असते का?

सुरुवात मिनी कूपर एस कन्व्हर्टिबलपासून, लाँचच्या वेळची एक्स-शोरूम किंमत ५८.५० लाख. बीएमडब्ल्यू झेड४ एम४०आय नव्वद लाखांच्या आसपास, पण तिचा काळ संपत आलाय, शोरूमकडे तयार असेल तीच घ्यावी लागेल. मर्सिडीज सीएलई ३०० कॅब्रिओले ऑगस्ट २०२४ मध्ये १.१० कोटींना आली. त्याच्या वर एएमजी एसएल ५५ (जून २०२३ मध्ये २.३५ कोटी), पोर्श ९११ कॅब्रिओले आणि पुढची मंडळी.

मुभा किती ते ब्रँडवर आहे. पोर्शला तुम्ही शिलाईच्या दोऱ्यापासून ठरवू शकता, आणि म्हणूनच तिथे बिल कुठल्या कुठे जातं. मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, मिनी या भारतासाठी बहुतेक एकच भरलेलं पॅकेज आणतात. हातात उरतो तो रंग, आतलं लेदर, रिम आणि एखाद-दुसरं पॅक. त्यामुळे जर्मनीतल्या वेबसाइटवर पाहिलेली यादी घेऊन शोरूमला जाऊ नका. ‘भारतातल्या गाडीची छापील यादी द्या’ म्हणा आणि तिच्यावर टिक करा, म्हणजे जे आहे त्यावर खूण.

३. सेल्समन म्हणतो दोनच लाखांचा ऑप्शन आहे. खरंच दोन लाखच पडतात का?

नाही. कंपनीने बसवून दिलेला ऑप्शन एक्स-शोरूम किमतीत मिसळतो. त्या किमतीत आयात शुल्क आणि २२ सप्टेंबर २०२५ पासूनचा ४० टक्के जीएसटी आधीच बसलेला असतो, तो दिसत नाही एवढंच. वरून महाराष्ट्रात आयात केलेल्या गाडीला २० टक्के रोड टॅक्स. म्हणजे दोन लाखांवर चाळीस हजार आरटीओचे, दोन हजार टीसीएसचे (एक टक्का, हा तुमच्या आयकरातून वजा होतो) आणि किंमत वाढली म्हणून विम्याचा हप्ता दरवर्षी थोडा जास्त. ढोबळ हिशेबाने दोन लाखांचे अडीच धरा.

एक गंमत मात्र आहे. महाराष्ट्रात रोड टॅक्सला कमाल मर्यादा आहे. जुलै २०२५ पासून ती वीस लाखांची तीस लाख झाली. २० टक्क्यांनी तीस लाख होतात दीड कोटीला. म्हणजे एक्स-शोरूम दीड कोटीच्या वर गेलात की पुढच्या ऑप्शनवर रोड टॅक्स शून्य. सव्वा कोटीच्या गाडीत पाच लाखांचे ऑप्शन घालणारा आरटीओला लाखभर देतो, दोन कोटींच्या गाडीत घालणारा काहीच देत नाही. न्याय-अन्याय आपण ताराबाई पार्कातल्या आरटीओत जाऊन भांडण्यासारखा नाही, पण कोटेशन वाचताना लक्षात ठेवा.

४. बजेट ताणून आलोय. एक-दोनच ऑप्शन घेऊ शकतो. कोणते?

पहिला, वारा अडवण्याची सोय (प्रश्न ५; नुसती जाळी नंतरही बसते, प्रश्न २२). दुसरा, मागचा कॅमेरा आणि ब्लाइंड स्पॉटचा, म्हणजे आरशात न दिसणाऱ्या कोपऱ्याचा इशारा (प्रश्न १०), जर ते आधीच दिलेले नसतील तर. तिसऱ्याला पैसे उरले तर सीटला थंड हवा (प्रश्न ६). बाकी सगळं हौस.

५. विंड डिफ्लेक्टर आणि मानेला गरम हवा. कोल्हापुरात गरम हवा कशाला? थंडी कुठाय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात चुकीच्या बाजूने येतो.

टप उघडून साठ-सत्तरच्या वेगाने निघालात की वारा समोरून लागत नाही, समोर काच आहे. तो काचेवरून उडी मारून मागच्या सीटवर पडतो आणि तिथून उलटा फिरून तुमच्या मानेवर, कानामागे येतो. पंधरा-वीस मिनिटांत मान धरते. सोबत बसलेल्या वहिनींचे केस तोंडावर येतात, आणि पुढच्या रविवारी त्या म्हणतात, टप बंदच ठेवा. ओपन गाडीचा खरा शेवट असा होतो.

दोन सीटांच्या मागे जाळी किंवा काच उभी केली की हा उलटा झोत तुटतो. चार सीटर गाडीत जाळी मागच्या सीटवर आडवी लावावी लागते, म्हणजे मागे कुणी बसू शकत नाही. त्यावर मर्सिडीजने २०१० च्या ई-क्लास कॅब्रिओलेत एअरकॅप आणलं: समोरच्या काचेच्या वरच्या कडेला एक पट्टी बटणासरशी उभी राहते आणि वाऱ्याला सगळ्यांच्या डोक्यावरून ढकलते. मागे मुलं बसणार असतील तर हीच सोय उपयोगाची. पट्टी उभी असताना थोडा आवाज येतो, तो चालवून घ्या.

मानेची गरम हवा (मर्सिडीजचं एअरस्कार्फ, २००४ च्या एसएलकेमध्ये पहिल्यांदा आलं) हेडरेस्टमधून येते. डिसेंबरात पहाटे पन्हाळ्यावर धुक्यात पोचायचं असेल, किंवा आंबोलीहून रात्री परत येताना, ती काय चीज आहे ते कळतं. मुंबईकडच्या दमट हवेपेक्षा आपल्याकडची हिवाळ्यातली पहाट चांगलीच बोचरी असते. तरी या दोघांत एकच घ्यायचं असेल तर वारा अडवणारं घ्या. मफलर घरात असतोच.

६. सीट गरम करणारी घ्यावी की थंड करणारी?

थंड करणारी, शंका नको. उघड्या गाडीत सीट थेट उन्हात असते. एप्रिलमध्ये रंकाळ्यावर अर्धा तास उभी केलेली गाडी उघडीच राहिली तर काळ्या लेदरवर हात ठेववत नाही. हवेशीर सीटला बारीक भोकं असतात, त्यातून पंखा हवा फिरवतो. भोकांत आपल्या भागातली धूळ आणि हंगामात काजळी बसते, म्हणून व्हॅक्यूम करून घ्यायला सांगा. ओल्या फडक्याने घासलं की चिखल आत जातो. सीट गरम करणारी सोय बहुतेक फुकटात आलेलीच असते, तिच्यासाठी वेगळे पैसे देऊ नका.

७. आतलं लेदर पांढरं-क्रीम घेतलं तर छान दिसतं. घेऊ का?

दिसतं खरंच छान, आणि तापतंही कमी. पण जीन्सचा निळा डाग, गजरा, हळदीकुंकू आणि मिसळीचा कट यांपुढे क्रीम लेदरचं काही चालत नाही. काळं तापतं, क्रीम डागाळतं. मधला तपकिरी, तांबूस रंग इथे सगळ्यात टिकाऊ. काही कंपन्या ऊन परतवणारं लेदर देतात, बीएमडब्ल्यूने २००७ च्या ३ सीरीज कन्व्हर्टिबलमध्ये दिलं होतं. ते मिळत असेल तर रंगाची चिंता अर्धी संपली, मग काळंही चालेल.

आतमध्ये चकाकणारा काळा प्लास्टिकचा पॅनल मात्र टाळा. टप उघडा असला की त्यावरून ऊन थेट डोळ्यांत येतं, आणि धुळीचे ओरखडे पहिल्याच महिन्यात. लाकडाचा किंवा ब्रश केलेल्या धातूचा पर्याय असेल तर तो घ्या. सीएलई कॅब्रिओलेचा मधला स्क्रीन बटणाने मागेपुढे कलतो, तो याच चमकेसाठी. शोरूममध्ये सावलीत हे कळत नाही, गाडी भर दुपारी बाहेर काढायला लावा.

८. टपाचं कापड कोणत्या रंगाचं? आणि जोतिबाला पूजेला न्यायची आहे, गुलालाचं काय?

नवी गाडी जोतिबाला जाणार, हे गृहीतच. चैत्रात गेलात तर गुलाल नुसता उडत नाही, बसतो. बेज किंवा करड्या कापडावर तो बसला आणि कुणी उत्साहाने पाणी मारलं, की टप गुलाबी. गुलाल कोरडा असताना मऊ ब्रशने एकाच दिशेने झाडायचा, मग व्हॅक्यूम, पाणी सगळ्यात शेवटी. काळ्या किंवा गडद निळ्या कापडावर डाग लपतात, पण काळा टप उन्हात जास्त विटतो. मी गडद निळा सुचवतो. लाल टप एखाद्या पांढऱ्या गाडीवर उठून दिसतो, हे कबूल. विकताना मात्र गिऱ्हाईक शोधत बसावं लागतं.

कापडाला जास्त थराचं, आवाज रोखणारं अस्तर असा ऑप्शन असेल तर डोळे झाकून घ्या. हायवेवर उसाच्या ट्रॅक्टरला ओव्हरटेक करताना त्याचा टेप बाहेरच राहील. नंतर हे अस्तर बसवता येत नाही.

९. एकोणीस-वीस इंची रिम भारी दिसतात. आपल्या रस्त्यांवर चालतील का?

चालतील, पण जपून चालवावी लागेल. टायरवरचा आकडा वाचायला शिका. २५५/३५ लिहिलं असेल तर रबराची उंची २५५ च्या ३५ टक्के, म्हणजे ८९ मिलिमीटर. २४५/४५ असेल तर ११०. त्या दोन सेंटीमीटरमध्ये रिम वाचतं किंवा वाकतं. पावसाळ्यानंतर गगनबावड्याकडचा रस्ता आठवा आणि ठरवा.

ओपन गाडीत याला आणखी एक बाजू आहे. वर पत्रा नसतो, त्यामुळे कंपनी खालून मजबुती वाढवते, तरी बंद गाडीपेक्षा ती थोडी लवचीक राहते. कडक, बारीक टायरवर खड्ड्यात गेली की समोरची काच आणि डॅशबोर्ड किंचित थरथरतो. लहान रिम घेतलं की हे लक्षणीय कमी होतं. मोठ्या ब्रेकच्या गाडीत लहान रिम बसतच नाही असंही होतं, म्हणून ऑर्डरच्या आधी लेखी विचारा. बुकिंगच्या वेळी स्टेपनीचंही विचारा: स्टेपनी आहे, रनफ्लॅट (हवा गेली तरी थोडं अंतर चालणारा टायर) आहे की नुसती हवा भरायची किट? साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू फाटली तर तो किटने दुरुस्त होत नाही, आणि असा टायर कोल्हापुरात त्याच दिवशी मिळेल याची खात्री कुणी देत नाही.

सस्पेन्शन मऊ-कडक करणारा ऑप्शन (अडॅप्टिव्ह) याच कारणासाठी पैसे वसूल करतो. पुढची बाजू उचलणारी लिफ्ट महागड्या स्पोर्ट्स गाड्यांत मिळते. गावोगावचे बेकायदा गतिरोधक बघता पोर्श किंवा त्यावरच्या गाडीत ती घ्याच. मिनी किंवा सीएलईला तिची गरज पडत नाही. तुमच्या सोसायटीच्या रॅम्पवर टेस्ट ड्राइव्हची गाडी चढवून बघा, नुसतं विचारू नका.

१०. कॅमेरे, सेन्सर सगळ्या गाड्यांत असतात. ओपन गाडीत वेगळं काय?

टप बंद असताना मागचं दिसत नाही, हे वेगळं. मागची काच चिंचोळी, आणि कोपऱ्यात कापडाचा जाड खांब. डावीकडून येणारा दुचाकीवाला त्या खांबामागे पूर्ण लपतो, आणि महाद्वार रोडला दुचाकीवाले डावीकडूनच येतात. ब्लाइंड स्पॉटचा इशारा देणारी सोय, मागचा कॅमेरा आणि जमलं तर ३६० अंशांचा कॅमेरा, हे इथे चैन नाही. पॅकमध्ये येत असेल तर पॅक घ्या, मग त्यातल्या बाकी निरुपयोगी गोष्टी आल्या तरी चालतील.

११. महागडे हेडलाइट घ्यावेत का?

गाळप हंगामात रात्री शिरोळ, हातकणंगले, कागलच्या रस्त्यांवर चालवत असाल तर हो. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, दोन ट्रॉल्या उसाने भरून रस्त्याच्या मधोमध, हे दृश्य कुणाला नवीन नाही. समोरच्याच्या डोळ्यांवर न पडता बाकी रस्ता उजळत ठेवणारे अडॅप्टिव्ह दिवे अशा वेळी काही सेकंद आधी ट्रॉली दाखवतात. घाटात वळणाबरोबर वळणारा झोतही उपयोगी. फक्त शहरात फिरणाऱ्याने सोडून द्यावेत.

१२. ऑटोमॅटिक ब्रेक, लेन सांभाळणारं, समोरच्या गाडीमागे आपोआप चालणारं, हे सगळं?

आपोआप लागणारा ब्रेक असावा. लेन सांभाळणाऱ्याला मात्र लेन लागते. पुणे-बंगळूर हायवेच्या रुंदीकरणाच्या वळणवाटांवर पांढरे पट्टे दोन-दोन जोड्यांनी दिसतात आणि गाडी गोंधळून स्टिअरिंग ओढते. यासाठी वेगळे लाखभर देऊ नका.

१३. काचेवर वेग दाखवणारा हेड-अप डिस्प्ले?

सोडा. उघड्या गाडीत तुम्ही गॉगल लावणार, आणि पोलराइज्ड गॉगलमधून तो बहुतेक दिसतच नाही.

१४. मोठी म्युझिक सिस्टीम?

टप उघडा ठेवून हायवेला गाणी ऐकणार असाल तर मूळ सिस्टीम कमी पडते, कारण वारा खालचे सूर खाऊन टाकतो. सीएलई आणि झेड४ मध्ये चांगली सिस्टीम बहुतेक आलेलीच असते. पोर्शमध्ये मधली पायरी घ्या, सगळ्यात वरची नको; ती बंद, शांत गाडीत ऐकायची चीज आहे. बाहेरून अ‍ॅम्प्लिफायर बसवू नका, वायर कापली की वॉरंटीचा वाद सुरू. आणि सिग्नलला टप उघडा, आवाज फुल्ल, हा नाद केला की पुढची तक्रार शेजाऱ्यांची असते.

१५. स्पोर्ट्स सायलेन्सर कंपनीचा घेऊ की दसरा चौकातल्या कुणाकडून बाहेरून बसवू?

कंपनीचा. ओपन गाडीत आवाज थेट कानात येतो, त्यामुळे हा ऑप्शन इतर गाड्यांपेक्षा इथे जास्त आनंद देतो, हे मी मान्य करतो. कंपनीचा असला की मान्यता गाडीबरोबर आलेली असते. बाहेरून बदललेला सायलेन्सर कायद्याने चालत नाही. पोलीस बुलेटवाल्यांचे सायलेन्सर काढून रोलरखाली घालतात, कोटीची गाडी पाहून ते लाजतील असं समजू नका.

१६. मोठं इंजिन घेऊ की त्या पैशांत छोट्या इंजिनाची गाडी ऑप्शन भरून?

टप उघडून तुम्ही किती वेगाने जाणार? ऐंशीच्या पुढे वाऱ्याने बोलणं बंद होतं. सीएलईचं दोन लिटरचं २५८ अश्वशक्तीचं इंजिन घाटात कुठेही कमी पडत नाही. ज्याला गाडी चालवण्याचीच ओढ आहे त्याने झेड४ चं सहा सिलिंडरचं ३४० अश्वशक्तीचं इंजिन घ्यावं आणि ऑप्शन विसरावेत. मधल्या मंडळींनी ऑप्शन.

१७. टप किती वेळात बंद होतो, याला ऑप्शन म्हणायचं का? वळीव आला तर?

ऑप्शन नाही, पण मॉडेल निवडताना हा आकडा बघाच. झेड४ चा टप दहा सेकंदांत, ताशी ५० पर्यंत चालू गाडीत. ९११ कॅब्रिओले बारा सेकंद, तीही ५० पर्यंत. एसएल पंधरा सेकंद आणि सीएलई वीस, दोन्ही ६० पर्यंत. मिनीला उघडायला अठरा, बंद व्हायला पंधरा, आणि वेग ३० च्या आत हवा.

एप्रिल-मेचा वळीव आधी वारा, मग मातीचा वास, मग टपोरे थेंब अशी सूचना देऊनच येतो. वारा सुटला की टप लावा, थेंबांची वाट बघू नका. शिवाय डिकीतला पडदा (टप जिथे घडी होऊन बसतो त्याखालचा) खाली ओढलेला नसेल तर टप उघडणारच नाही. शोरूमचे अर्धे ‘टप बिघडला’चे फोन याचेच असतात म्हणे.

१८. दोन सीटर की चार सीटर?

मागच्या सीटवर दहा-बारा वर्षांपर्यंतची मुलं बसतात, मोठी माणसं जोतिबापर्यंत. तरी आपल्याकडे चार सीटर घ्या असंच सांगेन, कारण दोन सीटरमध्ये आई-वडिलांपैकी एकालाच अंबाबाईला नेता येतं आणि दुसरं वर्षभर सुनावतं. घरात आणखी दोन गाड्या असतील तर प्रश्नच नाही. डिकी बघताना टप उघडून, तुमची स्वतःची बॅग ठेवून बघा. घडी झालेला टप अर्धी जागा खातो.

१९. फर्मच्या नावावर घेतली तर ऑप्शनवरचा जीएसटी परत मिळतो का?

नाही. तेरापर्यंत आसनांच्या प्रवासी गाडीवरचं इनपुट क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) ने अडवलेलं आहे. ऑप्शन गाडीच्याच बिलात, म्हणून तेही अडकलं. घसारा मात्र मिळतो, वर्षाला १५ टक्के, आणि ऑप्शनची किंमतही त्यात धरली जाते. आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर घसारा निम्मा, म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या तीन-चार दिवसांनंतर डिलिव्हरी आली की त्या वर्षाचा निम्माच. नवरात्रात घ्यायची की दिवाळीला, हे सीएला विचारून ठरवा.

रोड टॅक्सचं उलटं आहे. इथे बनलेली गाडी फर्मच्या नावावर घेतली की टॅक्स वाढून २० टक्के होतो. आयात गाडीला तो तसाही २० टक्केच आहे, त्यामुळे तिथे फर्मचा तोटा नाही.

२०. विम्यात काय जास्तीचं घ्यावं? पंचगंगेचं पाणी आलं तर?

साध्या पॉलिसीत रबर, नायलॉन, प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. टपाचं कापड, त्याच्या रबरी पट्ट्या कशात धरणार, हे पॉलिसी घेतानाच लेखी विचारा आणि झिरो डेप्रिसिएशन (घसारा न कापणारी जोड) घ्या. दुसरं, इंजिन प्रोटेक्ट. पाणी साचलेल्या रस्त्यात गाडी बंद पडली आणि तुम्ही पुन्हा स्टार्टर मारला की इंजिनात पाणी जाऊन कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साधी पॉलिसी हात वर करते.

राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरकडे राहणाऱ्यांनी ३९ ची बातमी आली की गाडी उंचावरच्या पाहुण्यांकडे नेऊन लावावी. हा ऑप्शन फुकट आहे.

२१. पावसाळ्यात तीन महिने गाडी उभीच असते. त्यासाठी काही घ्यावं का?

बॅटरी चार्ज ठेवणारा मेंटेनर घ्या, स्वस्त आहे आणि प्लग असला की झालं. टप बंद करून ठेवा, घडी करून नाही. ओला टप घडी केला की बुरशी धरतो. टपाच्या कडेच्या पाणी जाण्याच्या नळ्या जूनच्या आधी साफ करून घ्या. गाडी झाडाखाली लागत असेल तर पानांचा चुरा त्या नळ्यांत बसतो आणि पाणी उलटं आत येतं, सीटखालच्या वायरिंगवर.

घराशेजारी ऊस किंवा गोठा असेल तर उंदीर येणार. ते वायर खातात, कापडाचं अस्तरही खातात. मांजर ठेवावं तर ते उबेला टपावर चढून नखं काढतं. पिंजराच बरा.

२२. बाहेरून नंतर काय बसवलं तर चालतं?

पेंट प्रोटेक्शन फिल्म, मॅट, कव्हर, डॅशकॅम, जाळीचा विंड डिफ्लेक्टर. यांचं बिल वेगळं, म्हणून प्रश्न ३ मधला रोड टॅक्स त्यांना लागत नाही. फाउंड्री परिसरात गाडी उभी राहत असेल तर फिल्म घ्याच. लोखंडाचे सूक्ष्म कण पेंटमध्ये रुततात आणि तांबूस ठिपके पडतात. कापडाला मात्र पेंटचं सिरॅमिक कोटिंग चालत नाही, कापडाचं वेगळं द्रावण येतं. प्रेशर वॉशरचा फवारा टपावर मारू देऊ नका. सीट कूलिंग, हेडलाइट, टपाचं अस्तर, कॅमेऱ्यांचं पॅक हे नंतर जमत नाही. जमवून देतो म्हणणारा वायर कापणार आहे.

२३. सेकंडहँड घेतोय. ऑप्शन आहेत की नाहीत कसं कळणार?

चासी नंबर घेऊन अधिकृत डीलरकडे जा, कारखान्यातून निघताना काय बसलं होतं त्याची यादी निघते. विकणाऱ्याच्या तोंडावर जाऊ नका. जुन्या एसएलके-एसएलसी आणि २००९ ते २०१६ ची झेड४ यांना पत्र्याचा घडीचा टप होता. उंदीर-मांजराचा प्रश्न नाही, पण यंत्रणा गुंतागुंतीची आणि जड. असा टप दहा वेळा उघड-बंद करून बघा, गाडी गार असताना आणि तापल्यावरही. मध्येच अडकला तर पुढे बोलू नका.

२४. विकताना ऑप्शनचे पैसे परत येतात का?

कॅमेरा, सीट कूलिंग, चांगला रंग यांनी गाडी लवकर जाते, भाव फारसा वाढत नाही. कार्बनच्या पट्ट्या, रंगीत सीटबेल्ट, दाराखाली उजेडात उमटणारं नाव, यांचं काही येत नाही. एमएच ०९ चा फॅन्सी नंबर नव्या मालकाला भावेलच असं नाही. लाखभर नंबरला आणि विंड डिफ्लेक्टरला ‘बजेट नाही’, असा हिशेब इथे बराच बघायला मिळतो.

२५. पुतण्याच्या लग्नात वरात काढायची आहे. नवरदेव मागे उंच बसवला तर काही होतं का?

होतं. मागचं झाकण म्हणजे बसायचा ओटा नाही; त्याखाली टपाच्या पट्ट्या, मोटर आणि नळ्या असतात. त्यावर माणूस बसला की झाकण दबतं आणि टप पुढच्या वेळी अडकतो. सीटबेल्टशिवाय वर बसणं कायद्यानेही चालत नाही. नवरदेवाला पुढच्या सीटवर बेल्ट लावून बसवा, टप उघडा ठेवा, फोटो तरीही चांगले येतात. फटाक्यांची माळ गाडीच्या पुढे नको, ठिणगी कापडाला भोक पाडते. बँजोच्या मागे तासभर पायी चालण्याच्या वेगाने जाताना गिअरबॉक्स तापतो, अधूनमधून न्यूट्रलला टाका.

आणि दुसऱ्याच्या वरातीला भाड्याने देऊ नका. पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी भाड्याला परवान्याशिवाय चालत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हेच पहिलं शोधते.